आठव्या फेरीतला किकर

माझ्या मुलीला मराठी सगळं कळतं, पण ती बोलत नाही. मी काहीही विचारलं तरी उत्तर कॉर्कच्या इंग्रजीत, वाक्याच्या शेवटी 'लाइक' लावून. तिचं बोलणं इथे मी मराठीतच लिहिणार आहे, कारण मला ते मराठीतच ऐकू येतं. तिचे स्वतःचे असे मराठी शब्द चारच: मेथी, बटाटा, नारळ आणि मीठ. तेही ती स्वयंपाकघरात वापरायची नाही. अमेरिकन फुटबॉलचे खेळाडू निवडताना वापरायची.

हे जरा नीट सांगायला हवं.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या. स्वभावाला साजेसं काम मिळालं, असं माझा नवरा म्हणतो. पुष्कळ वर्षांपूर्वी नवीन लाइन उभी करायला एक अमेरिकन इंजिनियर आमच्याकडे आला होता. त्याला घरची आठवण यायची आणि ती त्याने आमच्या गळ्यात मारली, म्हणजे लीग काढली. यात आपण खेळायचं काही नसतं. खरे खेळाडू तिकडे अमेरिकेत रविवारी खेळतात; आपण सीझनच्या आधी एकत्र बसून ते आपापसांत वाटून घ्यायचे, पाळीपाळीने एकेक. मग तुमच्या वाट्याचा खेळाडू तिकडे जे करेल त्याचे गुण इकडे तुम्हाला. या वाटून घेण्याला ड्राफ्ट म्हणतात. दहा टीम होत्या, त्यांतल्या आठ मराठी. पुण्या-मुंबईच्या माणसांनी कॉर्कमध्ये बसून अमेरिकन खेळावर डोकी फोडावीत याला काही अर्थ नाही, पण परदेशात रविवार फार मोठा असतो.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांनी एकच चूक केली आणि ती आम्हीच करू जाणे. आम्ही पडलो क्रिकेटवाले. संघ निवडायचा म्हणजे आधी कप्तान, आधी सलामीचा फलंदाज. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक मानकरी असतो. चेंडू त्याच्या हातात, डोकं त्याचं, जाहिराती त्याच्या आणि गुणही सगळ्यांत जास्त त्याचेच. आम्ही आठही जणांनी पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक उचलला आणि एकमेकांकडे मोठ्या शहाणपणाने बघितलं. अमेरिकन इंजिनियरने पहिल्या फेरीत एक रनिंग बॅक घेतला, म्हणजे चेंडू पोटाशी धरून माणसांच्या भिंतीत घुसणारा. दुसऱ्या फेरीत आणखी एक तसलाच घेतला. क्वार्टरबॅक त्याने अगदी मागाहून घेतला, उरलेल्यांतला. मग सबंध सीझनभर त्याने आम्हाला धुतलं.

तो परत गेला, त्याच्या जागी नागपूरचा एक जण आला, आणि लीगचा कारभार माझ्याकडे आला, कारण नियमांवरून भांडायची हौस दुसऱ्या कोणाला नव्हती. आमच्या लीगमध्ये जागा कधी रिकामी राहत नाही. एक गेला की दुसरा तयार असतो.

ड्राफ्ट तेव्हापासून आमच्याच घरी होतो, कॅरिगलाइनला, ऑगस्टच्या शेवटी एका रविवारी. नवरा पावभाजी करतो. त्याला या खेळात काडीचा रस नाही. दर मिनिटाला थांबून मीटिंग घेणाऱ्या माणसांना खेळाडू म्हणायला तो तयार नाही. मुलगी तेव्हा नुकतीच सेकंडरी शाळेत गेली होती आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून काहीतरी चित्र काढत बसली होती. सगळे पुन्हा क्वार्टरबॅकसाठी टपलेले बघून ती म्हणाली, "सगळ्यांना एकच माणूस का हवाय?"

मी तिला दुकानाची गोष्ट सांगितली. गोष्ट कसली, तिच्यावर दर शनिवारी होणारा अत्याचार. कॉर्कमधल्या इंडियन दुकानात शनिवारी सकाळी ताजी भाजी येते. मेथीच्या जुड्या येतात मोजक्या, आणि जरा उशीर झाला तर जुडी बांधलेला दोरासुद्धा दिसत नाही. म्हणून दुकानात शिरल्या शिरल्या मी तिला मेथीकडे पिटाळायची. खरं तर मेथीपेक्षा बटाटे आपण कितीतरी जास्त खातो. पण हा आयर्लंड आहे. इथे बटाटे पेट्रोल पंपावरही मिळतात.

तिने पेन्सिल खाली ठेवली. "म्हणजे क्वार्टरबॅक इज बटाटा," ती म्हणाली. बटाटा, असा स्वच्छ. मग जरा विचार करून पुढे म्हणाली, "तो किती चांगला आहे हे बघायचंच नाही, आई. तो गेल्यावर काय उरतं ते बघायचं."

हे कळायला आमच्यातल्या दोन आयआयटीवाल्यांना तीन सीझन लागले. पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक आणि दहाव्या नंबरचा, यांत फरक असतो, पण तो सोसण्यासारखा असतो. आणि दहा टीमना दहाच लागतात, बाजारात त्याहून कितीतरी जास्त. चांगले रनिंग बॅक मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते संपले की जे उरतात ते नुसते पळतात. शिवाय पाळीचा क्रम पहिल्यापासून दहाव्यापर्यंत जाऊन तसाच उलटा परत येतो, त्यामुळे एक निवड केली की पुढची पाळी येईपर्यंत बराच वेळ बसून राहावं लागतं. डोळ्यांदेखत शेल्फ रिकामं होत असतं. सगळं कौशल्य यातच, की आपली पाळी परत येईपर्यंत काय शिल्लक असेल आणि काय नसेल.

त्या दिवसापासून आम्ही दोघींनी मिळून एक टीम चालवायला घेतली. मेथी म्हणजे रनिंग बॅक. टाइट एंड नावाची एक अर्धवट जागा असते, थोडं ढकलायचं, थोडं झेलायचं, तो नारळ. दुकानात दोनतीनच चांगले, हलवले की आत पाणी वाजणारे, बाकीचे सगळे सारखेच कुबट. मिळाला तर लवकर घ्यायचा, नाहीतर मग घाईच करायची नाही. आणि किकर म्हणजे मीठ. लाथ मारून गोल करणारा. तो लागतोच, पण कोणताही चालतो, कुठेही मिळतो. दुकानात शिरल्यावर मिठाकडे कोण धावतं?

नागपूरचा माणूस धावला. एकदा पाचव्या फेरीत त्याने किकर घेतला आणि वर म्हणाला, "अरे यार, याची किक बघा तरी." आम्ही हसून हसून लोळलो. मुलीने तिथल्या तिथे कायदा केला: शेवटच्या फेरीच्या आधी ज्याच्या टीमने किकर घेतला, त्याने त्या दिवशीची सगळी भांडी घासायची. कोणी मदत करायची नाही, कोणी मागे स्वयंपाकघरात जायचं नाही. तोवर भांडी पुसायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून हा न्याय. मी तो नियमांत घालून टाकला. तेव्हापासून कोणी चुकून जरी किकरच्या नावावर बोट नेलं तरी सगळी खोली ओरडते, "भांडी! भांडी!"

ती मोठी झाली, मेनूथच्या कॉलेजात शिक्षिका व्हायला गेली. आयरिश भाषा ती मुलांना शिकवण्याइतकी शिकली, आणि माझ्या आईशी फोनवर बोलताना मात्र 'हो' आणि 'बरी आहे' याच्यापुढे गाडी जायची नाही. मला याचं वाईट वाटायचं आणि मी ते बोलूनही दाखवायची. ती म्हणायची, "आई, इट्स ग्रँड, मला सगळं कळतं ना." लीगमधला एक जण कॅनडाला गेला तेव्हा त्याची टीम तिने घेतली. आता आम्ही प्रतिस्पर्धी होतो. तरी ड्राफ्टला ती ट्रेनने घरी यायची आणि माझ्याच शेजारी बसायची. मधेच कानाशी येऊन पुटपुटायची, "मेथी ऑलमोस्ट गॉन, आई." खोलीत आठ मराठी माणसं, पण हे कोणालाच कळायचं नाही. ती आमची दोघींची मराठी होती. सीझन सुरू झाला की दर रविवारी संध्याकाळी सहाला, तिकडे पहिले सामने सुरू होतात त्या वेळेला, तिचा मेनूथहून फोन. तिच्या बटाट्याने काय केलं, माझ्या नारळाने कशी माती खाल्ली. आठवडाभरात ती मला बाकी काही सांगो न सांगो, त्या फोनमध्ये सगळं येऊन जायचं. मैत्रिणीशी बिनसलं तेही, आणि पहिल्यांदा वर्गासमोर उभी राहून घाबरली तेही.

नोकरी लागली डब्लिनच्या जवळ, आणि घर मिळेना. हे इथे सगळ्यांच्याच मुलांचं झालं आहे. शिक्षिका झालेली पोर दुसऱ्या तीन शिक्षिकांबरोबर एका घरात, आणि तिच्या खोलीत पलंग टाकला की दार पूर्ण उघडत नाही. हॅलोवीनच्या सुट्टीत ती घरी आली, स्वयंपाकघरात प्रेसमधून, म्हणजे इथल्या भाषेत कपाटातून, कप काढता काढता पाठमोरीच म्हणाली की पर्थला जाते आहे. ऑस्ट्रेलियात. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली गेल्याच होत्या.

"एकच वर्ष, आई."

"इथे काय कमी आहे?" मी म्हणाले.

"घर," ती म्हणाली.

नवरा म्हणाला, जाऊ दे तिला, बघू दे जग. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. जग बघायला आपणच तिला इथे आणलं होतं ना! अजून किती बघायचं?

नाताळ झाल्यावर ती गेली. मी तिच्या बॅगेत वाळवलेली मेथी घातली होती, कॅरिगलाइनच्या खिडकीत जितकी वाळते तितकी. तिने ती बाहेर काढून ठेवली. "ऑस्ट्रेलियावाले मला तुरुंगात टाकतील," ती हसत म्हणाली. तिथे म्हणे पानं, बिया काही नेऊ देत नाहीत. डब्लिन विमानतळावर तिने मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "ड्राफ्टला आहेच मी. माझी टीम कोणाला देऊ नकोस हं." घरी आल्यावर ती मेथीची पिशवी तशीच ओट्यावर होती. मी ती फ्रीजवर ठेवून दिली आणि पुढे बरेच महिने तिला हात लावला नाही.

पर्थ आमच्यापेक्षा सात तास पुढे, हिवाळ्यात आठ. आमच्या संध्याकाळी तिची मध्यरात्र उलटून गेलेली असते. सहाचा फोन बंद झाला. मेसेज यायचे, फोटो यायचे, समुद्र, कांगारू, शाळेतली मुलं. ते सगळं मला बघायला आवडायचं. पण फोटोत माणूस कसा आहे ते दिसतं, काय म्हणतो आहे ते कळत नाही. मी ऑगस्टकडे डोळे लावून बसले. त्या दिवशी ती दोन तास माझ्याबरोबर असणार होती, शेल्फ रिकामं होताना बघत, 'मेथी ऑलमोस्ट गॉन' म्हणत. मला तेवढं पुरलं असतं.

ड्राफ्ट नेहमी संध्याकाळी असायचा. मी तो दुपारी बारावर आणला, म्हणजे तिकडे तिला संध्याकाळचे सात. यावरून ग्रुपवर खूप कटकट झाली. नागपूरचा माणूस आता ॲथलोनला एका टेलिकॉम कंपनीत असतो. त्याला रविवारी पहाटे उठून गाडी काढावी लागणार होती. "ताई, मतलब आम्ही झोपायचं नाही का?" त्याने लिहिलं. मी लिहिलं, नाही. आमच्या लीगमधला एकुलता आयरिश, वेअरहाउसमधला, त्याची रविवारची मॅच बुडणार होती. त्याने फक्त लिहिलं, "इज इट फॉर द यंग वन? ग्रँड सो." म्हणजे, पोरीसाठी आहे ना, मग ठीक. त्याचे ते शब्द मी अजून विसरलेले नाही.

तिलाही आधी दोनदा कळवलं होतं. सकाळी तिचा मेसेज आला, वाट बघतेय आई, आणि पुढे एक फुली, इथल्या पद्धतीची, म्हणजे पापा. मी टेबलावर माझ्या शेजारी टॅब्लेट लोणच्याच्या बरणीला टेकून उभा केला, कॉल लावून ठेवला. बाराला पाच कमी असताना तो वाजत होता. बारा वाजता वाजत होता. ड्राफ्टच्या साइटवर प्रत्येक टीमच्या नावाशेजारी एक ठिपका असतो, माणूस हजर असेल तर हिरवा. नऊ हिरवे होते.

"येईल, येईल," सगळे म्हणाले. "ट्रॅफिक असेल," असं कोणीतरी म्हणालं, जशी काही ती गाडीने येणार होती.

पहिल्या फेरीत तिची पाळी आली. प्रत्येकाला दीड मिनिट असतं. घड्याळ उलटं चालायला लागलं. मला वाटलं, विचार करते आहे. ती नेहमीच शेवटच्या काही सेकंदांत निवडायची, मला चिडवायला. घड्याळ शून्यावर आलं आणि स्क्रीनवर तिच्या टीममध्ये नाव उमटलं. क्वार्टरबॅक. यादीतला सगळ्यात वरचा, सगळ्यात जास्त गुणांचा.

बाकीच्यांना वाटलं ती आली. "अरे वा, आली बघा," असं म्हणत एकाने टॅब्लेटकडे हात हलवला. मला मात्र कळलं. पहिल्या फेरीत बटाटा तिने मेली तरी घेतला नसता. माणूस आला नाही की यंत्र त्याच्या वतीने निवडतं, आणि यंत्राला फक्त जास्त गुण दिसतात. तो गेल्यावर काय उरतं, हे यंत्र बघत नाही.

"ताई, तुम्ही घ्या ना तिच्या वतीने," नागपूरकर म्हणाला. कारभारी म्हणून मला ते करता येत होतं. पण मी नाही म्हणाले. ती कोणत्याही क्षणी येणार होती, आणि मी तिच्या टीमला हात लावलेला तिला कधी आवडला नसता.

दुसऱ्या फेरीत तिची पाळी माझ्या लगेच नंतर होती. समोर एकच चांगला रनिंग बॅक उरला होता, तिचा लाडका, मागची दोन वर्षं तिच्याच टीममध्ये असलेला. माझी पाळी पुन्हा येईपर्यंत तो राहणार नव्हता, आणि मला त्याची गरज होती. तो घेणं हेच शहाणपण होतं, शेंबड्या पोरालाही ते कळलं असतं. मी त्याला सोडून दुसराच कोणीतरी घेतला. मी तिच्यासाठी मेथीची जुडी शेल्फवर ठेवून बाजूला झाले. घड्याळ या वेळी चाललंच नाही. एकदा माणूस गैरहजर दिसला की पुढे यंत्र थांबत नाही. पापणी लवायच्या आत तिच्या टीममध्ये नाव आलं, आणि ते त्याचं नव्हतं. त्याला वेअरहाउसवाल्याने उचललं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

त्यानंतर मी काय निवडलं मला आठवत नाही. टॅब्लेट मधून मधून आपोआप काळा पडायचा आणि मी त्याला बोट लावून जागा करायची. ठिपका करडाच होता. तिची पाळी आली की नाव लगेच उमटायचं, धडाधड. यंत्राची एक रीत असते: ते आधी सगळ्या जागा भरून घेतं आणि मग राखीव खेळाडूंकडे वळतं. त्याला वाटतं जागा ती जागा, रिकामी दिसली की भरायची. आठव्या फेरीत तिच्या टीममध्ये किकर आला.

सगळी खोली सवयीने ओरडली. "भांडी! भांडी!" टेबलावर हात आपटून, इतक्या वर्षांच्या सवयीने, खरोखर आनंदाने. आणि मग एकदम सगळ्यांचे हात टेबलावरच थांबले. आत नवऱ्याने तव्यावर पाव टाकले होते, त्यांचा चुरचुर आवाज येत होता.

"हे धरायचं नाही, ताई," नागपूरकर हळूच म्हणाला. "मशीनने घेतला तो."

"नियमात 'ज्याच्या टीमने' असं आहे," मी म्हणाले. "टीम तिची आहे."

जेवणं झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. पावभाजीची मोठी कढई डिशवॉशरमध्ये मावत नाही, तळाला भाजी लागलेली असते. मी ती घासत होते. नवरा फडकं घेऊन आत आला. त्याला मी नियम सांगितला आणि बाहेर घालवलं. तो गेल्यावर मी रडले. ती गेली तेव्हा डब्लिनला रडले होते त्यापेक्षा जास्त. तेव्हा ती मला धरून होती.

फोन ओट्यावर होता, तो उजळला. आधी फोटो आला: शेकोटीभोवती दहाबारा पोरंपोरी, अंगावर जॅकेटं, मागे काळा समुद्र, आणि मधोमध ती, डोळे मिटून हसणारी. मग मेसेज. "आई, सो सो सॉरी, पार डोक्यातून गेलं! सकाळी लक्षात होतं, खरंच. झाला का? मला मेथी मिळाली का?"

मेथी हा शब्द तिने इंग्रजी अक्षरांत लिहिला होता. मी साबणाच्या हाताने बराच वेळ ते बघत उभी राहिले. ती कोणाला टाळत नव्हती, रागावलेली नव्हती, आजारी नव्हती. ती विसरली होती. इतकी आनंदात होती की विसरली होती, आणि आईने याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं. मला फार वाईट वाटलं. रविवारी संध्याकाळी तिच्याबरोबर कोण असायला हवं, या जागेवर तिला दहाबारा माणसं मिळाली होती, सगळी चांगली दिसत होती. माझ्याकडे त्या जागेसाठी दुसरं कोणी नव्हतं, ती इथे होती तेव्हाही नव्हतं.

मी हात पुसले आणि लिहिलं, "मिळाली. भरपूर."

त्यानंतर थोड्या दिवसांनी तिने फोन केला. नीट, वेळ काढून. तिकडेच कायम राहता येईल असं काहीतरी शाळा करून देते आहे, असं म्हणाली. एक वर्षाचं कोणी नाव काढलं नाही, तिनेही नाही आणि मीही नाही. मग जरा अडखळत म्हणाली, "आई, माझी टीम कोणाला तरी दे ना. रिकामी टीम चालवणं तुम्हा सगळ्यांवर अन्याय आहे, लाइक." तिचं बरोबर होतं. मी 'बरं' म्हणाले. फोन ठेवल्यावर फ्रीजवरची पिशवी काढून बघितली तर मेथीचा भुगा झाला होता.

या वर्षी ती टीम आमच्या प्लांटमध्ये नव्याने आलेल्या पुण्याच्या एका मुलीला दिली. हुशार आहे. पहिल्याच ड्राफ्टला क्वार्टरबॅककडे ढुंकूनही न बघणारी आमच्यात ती पहिलीच. जागेची किंमत तिला कोणाला शिकवावी लागली नाही. तिला बसायला खुर्ची माझ्या शेजारचीच मिळाली, कारण रिकामी तीच होती. चौथ्या फेरीत ती माझ्याकडे झुकून म्हणाली, "काकू, रनिंग बॅक संपत आलेत बघा." अख्खं वाक्य मराठीत. उच्चारात काही खोट नव्हती. मी "हो ना," म्हणाले, आणि त्या बिचारीचा मला इतका राग आला की मी स्क्रीनवरून मान वर केली नाही.

ड्राफ्ट पुन्हा संध्याकाळी होता, दुपारी घ्यायचं काही कारण उरलं नव्हतं. आठव्या फेरीत माझी पाळी आली. फेकलेला चेंडू झेलणारे चांगले रिसीव्हर शिल्लक होते, एक नारळही होता, हलवला तर पाणी वाजलं असतं असा. मी सगळी यादी खाली सरकवली आणि किकर घेतला.

खोली ओरडली, "भांडी! भांडी!" नवी मुलगी घाबरून म्हणाली, "काकू, चुकून दाबलं गेलं का? बदलून घ्या ना." नागपूरकराने तिला हाताने गप्प केलं. मी म्हणाले, नाही, हाच हवा होता.

जेवणं झाल्यावर मी बाह्या वर केल्या, आत जाऊन दार ओढून घेतलं आणि नळ मोठा सोडला. भांडी घासणाऱ्याच्या मागे आमच्याकडे कोणी येत नाही. तसा तिने नियमच केला आहे.